जानरावाची पोथी

आतल्या खोलीत अडकित्ता वाजला. कट्ट.

इतका वेळ घरात पानही हललं नव्हतं. लेक शोभा चटईवर पालथी झोपली होती, बऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्याची सगळी गल्ली उन्हाने पेंगुळली होती, आणि चुलीपुढच्या पाटावर बसलेल्या मालतीच्या मांडीवर बैलगाड्यांचा एक मोठा तांडा नदीत उतरत होता. पाणी बैलांच्या पोटाला लागलं होतं. पहिल्या गाडीवरची बाई एका हाताने कासरा ओढत होती, दुसऱ्या हाताने लेकरू छातीशी धरून होती. पैलतीराला कोणीतरी घोड्यावर उभं होतं. मित्र की वैरी, ते पान उलटल्याशिवाय कळायचं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच सुपारी फुटली. आत्याबाई जाग्या झाल्या होत्या.

मालतीने पुस्तक मिटलं आणि पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळून चौरंगावर ठेवलं. आता ते तिथेच राहत असे. त्याच्या पुठ्ठ्यावर कुंकवाची पाच बोटं उमटली होती, आणि ती पुसायची म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

झालं होतं असं. आशाबाईंनी, म्हणजे मालती ज्यांना आत्याबाई म्हणायची त्या तिच्या सासूबाईंनी, यंदाच्या चातुर्मासात लाखवातींचा नेम धरला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण वात वळायला डोळे कशाला लागतात? बोटं हवीत. कापूस आणून द्यायची धुरपदाबाई. नदीकाठी तिची केळीची बाग आणि थोडी कपाशी. शेजारची मंगला, मास्तरांची बायको, आपली टोपली घेऊन यायची. तिघी वाती वळायच्या आणि मालतीने पोथी वाचायची, असं ठरलं. पण श्रावण सरता सरता पोथी संपली आणि वाती निम्म्याही झाल्या नव्हत्या.

"वहिनी," मंगला हळूच म्हणाली होती, "ते चुलीमागचं काढा की. मी पाहिलंय."

मालती कानापर्यंत लाल झाली. ते पुस्तक तिच्या नवऱ्याने, नंदकुमारने, वाचनालयातून आणलेलं. वरचं कव्हर गेलेलं, नावाचं पान गेलेलं, कुणा साहेबाने लिहिलेलं आणि कुणी तरी मराठीत आणलेलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत माणसं घरदार विकून, गाड्या जोडून पश्चिमेकडे निघाली त्याची गोष्ट. घोडे, बंदुका, गवताचं अफाट रान. नंदकुमार तहसील कचेरीत कारकून. कचेरीतून आला की चहाचा कप बाजूला गार होईस्तोवर तो त्या रानात असायचा. मग एके दिवशी त्याने ते तिच्यापुढे सरकवलं. "पुढं काही विशेष नाही. परत करायचं राहिलंय. वाचायचं तर वाच."

वाचायचं तर! तिने चूल पेटवताना वाचलं, दूध उतू जाईतो वाचलं, शोभाची वेणी घालताना गुडघ्यावर ठेवून वाचलं. त्या रानात कुणी कुणाला विचारत नव्हतं, की तू कुणाची सून, तुझं माहेर कुठलं. बाई गाडीवर उभी राहायची आणि बैल हाकायची. पुढे बघावं तर आभाळच खाली येऊन जमिनीला टेकलेलं. तीन खणांच्या घरात एवढं आभाळ कुठे ठेवावं, हे मालतीला कळेनासं झालं होतं.

त्या दिवशी तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं, आणि दुपारची झोप झालेल्या आशाबाई भिंत धरत बाहेर आल्या. समोर लाल फडकं, त्यावर जाड ग्रंथ, भोवती बाया. त्या खाली बसल्या, चाचपून कुंकवाचा करंडा घेतला आणि पुस्तकाला कुंकू लावून कपाळ टेकलं.

"नवी पोथी का गं? कुठवर आली?"

मालतीच्या तोंडून एवढंच निघालं, "गाड्या निघाल्यात, आत्याबाई."

"कुठं?"

"पश्चिमेला."

"म्हणजे द्वारकेला," आशाबाई म्हणाल्या आणि कापसाचा पेळू हातात घेतला.

मंगलाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मालती म्हणाली, "त्याच अंगाला." आणि ते तसं अगदी खोटंही नव्हतं.

मग रोजचंच झालं. जॉन नावाचा तांड्याचा वाटाड्या दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईच्या तोंडी जानराव झाला, आणि तिसऱ्या दिवसापासून मालतीही तसंच वाचू लागली.

"हा जानराव गाई राखते अन् घोड्यावर बसते," धुरपदाबाई म्हणायची. "लगीन झालं का त्याचं?"

"नाही अजून."

"कायले होईन? अंघोळ करतच नाही तो. इतकी पानं झाली, एकडाव तरी अंघोळ केली का त्यानं?"

"रानात पाणी नाही ना, धुरपदाबाई."

"अन् झाडही नाही म्हंते. मंग बैलं दुपारी बांधतात कोठी? सावली नाही तं बैल बसीन कसा व माय? लिहिणाऱ्यानं बैल पाह्यलाच नसीन."

"त्याने लिहिलंय, गाडीच्या सावलीत बांधतात."

"हां. मंग पाह्यला असीन."

आशाबाई मध्ये बोलत नसत. दिवस संपताना तेवढं विचारायच्या, "पोचले का द्वारकेला?" आणि मालती सांगायची, "अजून डोंगर लागलेत." त्या मान हलवायच्या. द्वारका काही जवळ नाही, हे त्यांना ठाऊकच होतं.

पितृपक्ष गेला, दसरा गेला. गावात दुसरीच बोलणी सुरू झाली होती. छप्पन सालचा नोव्हेंबर लागला की राज्यं बदलणार. कचेरीत नागपूरहून येणारी पाकिटं आता भोपाळहून येणार. बऱ्हाड तिकडे मुंबई राज्यात गेलं, मराठी बोलणारं बऱ्हाणपूर इकडेच मध्य प्रदेशात राहिलं. चौकाचौकांत माणसं तावातावाने बोलत होती, धुरपदाबाई मात्र म्हणाली, "राज बदलू द्या. पाणी सोडायची पाळी तं नाही ना बदलत?" कचेरीतल्या लोकांची वाटणी झाली, आणि नंदकुमारच्या वाट्याला पलीकडचं मलकापूर आलं. त्याला आनंदच झाला. शोभाची शाळा मराठीत होईल, आशाबाईंची बहीण तिथून जवळ. दिवाळीचा पाडवा झाला की निघायचं.

मालतीने ट्रंका उन्हात घातल्या, भांड्यांना खुणा केल्या, पापडांचे डबे बांधले. ती कुठल्याच गोष्टीला नाही म्हणाली नाही. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. एकच होतं, आणि ते कुणाला कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तिला मुलगा झाला होता. बारसं व्हायच्या आतच गेला. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. गल्लीतले दोघं आणि नंदकुमार मिठाची पुरचुंडी, कुदळ आणि ते गाठोडं घेऊन तापीकडे गेले. बायका जात नाहीत. मालती दारात उभी राहिली होती. परत आल्यावर नंदकुमारने अंघोळ केली, धोतर वाळत टाकलं, आणि त्या धोतराच्या काठाला ओली रेती चिकटलेली तिने पाहिली. तेवढंच तिला माहीत होतं. रेती. त्यानंतर ती कितीदा घाटावर गेली, धुणं धुतलं, दिवे सोडले. दर वेळी नजर काठाकाठाने फिरायची आणि रिकामी परत यायची. नंदकुमार त्याबद्दल बोलत नसे. तिने विचारलं नव्हतं. इथे होतो तोवर निदान नदी तरी रोजची होती. आता पाठ फिरवायची, आणि कुठल्या जागेकडे पाठ फिरवतोय हेही माहीत नसायचं.

अशाच एका सकाळी, शेवेसाठी पीठ चाळता चाळता, मालतीने पुस्तकाची पुढची पानं वाचली. मध्ये आगपेटीची एक काडी होती. खूण म्हणून नंदकुमार नेहमी काडी घालायचा.

तांड्यातल्या त्या बाईचं, नदीत लेकरू छातीशी धरणारीचं, लेकरू तापाने गेलं होतं. पुरुषांनी वाटेच्या अगदी मधोमध खड्डा खणला. माती सारखी केली. आणि मग जानरावाने सगळ्या गाड्या, एकामागून एक, त्या जागेवरून चालवल्या. खूण राहू नये म्हणून. कोल्ह्या-लांडग्यांनी उकरू नये म्हणून. शेवटच्या गाडीत ती बाई बसली होती.

मालतीने चाळणी खाली ठेवली.

काडी तिथेच होती, त्याच दोन पानांच्या मध्ये. पुढची पानं कोरी करकरीत, कुणाचं बोट न लागलेली. पुढं काही विशेष नाही, असं म्हणाला होता तो.

तिने काडी होती तिथेच ठेवून पुस्तक मिटलं. मग शोभा "शेव कधी?" म्हणत आली, आणि ती उठली.

दुपारी बाया जमल्या. मालतीने मनाशी ठरवलं होतं. नदी पार झाली, इथपर्यंत वाचलं, मग दोन पानं एकदम धरून उलटली, आणि तशाच आवाजात पुढे सुरू केलं, "डोंगराच्या पायथ्याशी तांडा आला तेव्हा..."

"थांब," आशाबाई म्हणाल्या.

सगळ्या थांबल्या.

"पान गाळलंस."

"नाही, आत्याबाई..."

"एका पानाचा आवाज वेगळा असतो, दोन पानांचा वेगळा. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले." त्यांच्या मांडीवर वात वळली जात होती, ती थांबली नव्हती. "पोथीचं पान गाळू नये. जे लिहिलंय ते वाचावं."

मंगला गंमतीने काही बोलणार होती. मालतीचा चेहरा पाहून तिने पुन्हा वात वळायला घेतली.

मालतीने वाचलं. सगळं वाचलं, खड्डा, माती, बैलांचे खूर, चाकं. आवाज फार हलला नाही. शेवटच्या गाडीतल्या बाईला कुणी तरी म्हणालं होतं की मागे बघू नकोस. तिने बघितलं की नाही, ते पुस्तकवाल्याने लिहिलंच नव्हतं. पान तिथेच संपत होतं.

 मग धुरपदाबाई म्हणाली, "बरं केलं जानरावानं."

"बरं?" मंगला जवळजवळ ओरडली. "आईच्या डोळ्यांदेखत गाड्या घालायच्या, आणि बरं?"

"तुले नाही समजत, पोरी. तुहं अजून लेकरू नाही." धुरपदाबाईने कापसातली सरकी काढून बाजूला ठेवली. "उकरलेलं पाह्यलं म्हंजे मंग समजते. माहे दोन हायेत तठी, बांधावर. माह्या नवऱ्यानं, दगाजीनं, त्याच्यावर केळी लावली. मी म्हटलं, कायले लावता? तो म्हणे, लाव तिले पाणी. मंग मी रोज पाणी देते. मले माहीत आहे ना कोठी आहेत ते. म्हणून देता येते पाणी."

मालतीने मान वर केली नाही. पानावर एक थेंब पडला, तो तिने पदराच्या टोकाने टिपला. वाचनालयाचं पुस्तक होतं.

आशाबाईंच्या मांडीवरची वात आता थांबली होती. त्या दिवशी त्यांनी द्वारकेचं विचारलं नाही.

संध्याकाळी नंदकुमार जेवायला बसला. आशाबाई भिंतीला टेकून होत्या. मालती भाकरी थापत होती, पाठ त्यांच्याकडे.

"नंदू, लाखवाती पौर्णिमेला लावायच्या होत्या. आपण तर आधीच जाणार."

"मलकापुरात लावू की. तिथंही देऊळ आहे."

"वाती इथल्या पाण्याला बोललेल्या आहेत. तापीवर लावायच्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी."

"बरं. राजघाटावर जाऊ सगळे."

"राजघाटावर मी जाईन मंगलाबरोबर. तू हिला घेऊन जा. खालच्या अंगाला."

परातीवरचा हात थांबला. नंदकुमारचा घासही.

"आई, बायका तिथं..."

"बायका तिथं जात नाहीत, मला सांगतोस? तुझ्याआधीची माझी एक गेली. तुझे वडील मला कधी तिकडं घेऊन गेले नाहीत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि मग तेही गेले. जागा त्यांच्याबरोबर गेली." अडकित्ता त्यांच्या हातात होता, पण सुपारी कापायचं त्या विसरल्या होत्या. "हिला दाखव. आपल्याला गाड्या जोडायच्यात."

नंदकुमारने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तो खाली ठेवत म्हणाला, "तुलाही ते पुस्तक वाचून दाखवलं का हिने?"

"पोथी," आशाबाई म्हणाल्या. "आणि एक सांगते. द्वारकेला कुणी कमरेला पिस्तूल लावून जात नाही. एवढं पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पण गोष्ट बरी चालली होती, मोडायची कशाला?"

मालतीला हसू फुटलं आणि त्याच हसण्याबरोबर डोळे भरून आले. भाकरी तव्यावर जरा जास्तच करपली. नंदकुमारने ती मुकाट्याने खाल्ली.

पोथी अर्धी सोडू नये, म्हणून दिवाळीच्या गडबडीतही मालतीने शेवटपर्यंत वाचलं. तांडा पोचला. डोंगरापलीकडे हिरवं खोरं होतं, मधून नदी. धुरपदाबाईने विचारलं, "केळी होईन का तठी?" मालती म्हणाली होईल. आशाबाईंनी पुस्तकाला शेवेचा नैवेद्य दाखवला. वाचनालयाच्या मोतीलालने पुठ्ठ्यावरचं कुंकू पाहून चष्मा वर केला. "बाबूजी, इसकी तो पूजा हो गयी!" नंदकुमार म्हणाला, "हो गयी, मोतीलालभाऊ." मोतीलालने कुंकू न पुसताच पुस्तक कपाटात ठेवलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, ती तिघं नदीवर गेली. शोभाला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण ती ऐकेना. घाटाच्या पायऱ्या मागे पडल्या, धोब्यांचे दगड मागे पडले. पुढे नुसता काठ; तुरीचं एक शेत, मग लव्हाळी, मग रेती. मालतीने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. रेती गार होती.

नंदकुमार पुढे चालत होता. एका जागी थांबला. इकडे तिकडे पाहिलं. दहा पावलं मागे आला.

"इथं एक बाभूळ होती," तो म्हणाला. "मोठी. तिच्या बुडाशी मी काळा दगड ठेवला होता."

बाभूळ नव्हती. नदीने काठ कापून आत घेतला होता. उभी दरड दिसत होती, तिच्यातून कुठल्या कुठल्या मुळांची टोकं लोंबत होती. दोन पावसाळे येऊन गेले होते.

तो दरडीच्या कडेने गेला, खाली उतरला, दगड उलटून पाहू लागला. एक, मग दुसरा. सगळेच काळे होते. कचेरीत कुठला कागद कुठल्या फडताळात आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस, तो धोतर खोचून रेतीत उकिडवा बसला होता आणि त्याला काही सापडत नव्हतं.

"मी येत होतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पहिल्या पावसाळ्यापर्यंत. कचेरी सुटल्यावर. मग बाभूळ कलली. मग नाही आलो. आता मला सांगता येत नाही, मालती. इथं होतं. की तिथं, जिथं आता पाणी आहे."

तिला वाटलं होतं, जागा पाहिली की आपण रडू. पण समोर एवढी मोठी नदी होती, संथ, आणि तिच्याशेजारी हा एवढासा माणूस होता. एकट्याने येत होता. तिने जाऊन त्याच्या हातातला दगड काढून घेतला आणि खाली ठेवला.

"असू द्या," ती म्हणाली. "इथंच होतं. मी पाहिलं."

मग तिने पिशवीतून पळसाचे द्रोण काढले. वाती तुपात भिजवलेल्या होत्या. शोभाने एकेक द्रोण धरला, नंदकुमारने काडी ओढली. मालतीने गुडघाभर पाण्यात उतरून ते सोडले. काही लगेच विझले, काही काठाशी घुटमळले. एक मात्र धारेला लागला आणि सरळ निघाला. खाली, जिकडे सूर्य बुडत होता तिकडे.

शोभा पाण्याच्या कडेला उकिडवी बसून बघत होती.

"आई, नदी कुठं जाते?"

"पश्चिमेला."

"जानराव गेला तिकडं?"

"हो. त्याच अंगाला."

"आणि बाळ नदीतून गेलं?"

मालतीने एकदा नंदकुमारकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

लाटांवरचा दिवा आता ठिपक्याएवढा झाला होता. परवा दगाजीची बैलगाडी दारात येणार होती. ट्रंका, जातं, पाळणा, सगळं लादून लालबागच्या स्टेशनावर जायचं होतं. तिथून मलकापूरच्या गाडीला. शोभाने हे सगळं कितीदा तरी ऐकलं होतं. तिने दिव्याकडे बोट केलं, मग गावाकडे, जिकडे स्टेशन होतं तिकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग आपली गाडी नदीबरोबर का नाही जात, आई?"